केसपेपरवरचा ‘एफ ३२.१’

जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत मिळालेल्या केसपेपरवर बरेच संक्षेप असतात. ‘के/सी/ओ बीपीएडी’, ‘एडीएस’, कुठे नुसतंच ‘एफ ३२.१’ आणि कधी त्याआधी एक प्रश्नचिन्ह. पेशंटबरोबर आलेलं कुणीतरी रिक्षात बसल्याबसल्या ते मोबाइलवर शोधतं आणि त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही.

यांचे अर्थ आधी सांगून टाकतो. ‘के/सी/ओ’ म्हणजे ज्याचं निदान आधीच झालेलं आहे असा रुग्ण. बीपीएडी म्हणजे बायपोलर आजार, एडीएस म्हणजे दारूवरचं अवलंबित्व आणि एफ ३२.१ म्हणजे मध्यम तीव्रतेचं नैराश्य. सगळ्यांत महत्त्वाचं आहे ते प्रश्नचिन्ह, आणि नेमकं त्याच्याकडेच कुणी बघत नाही. डॉक्टरांना एक शंका आहे, ती अजून पक्की झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मानसिक आजाराचं निदान पहिल्या भेटीत पुष्कळदा असंच, शंकेच्या रूपात लिहिलं जातं. ते पक्कं होणार की बदलणार हे बऱ्याच अंशी तुम्ही काय सांगता आणि काय राहून जातं यावर ठरतं. म्हणून ही सगळी प्रक्रिया चालते कशी हे पेशंटला आणि घरच्यांना माहीत असावं.

दोन पुस्तकं आणि एक कायदा

‘एफ’ने सुरू होणारे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातले आहेत. त्याचं संक्षिप्त नाव आयसीडी. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावीला २०१९मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२पासून ती लागू झाली. नव्या आवृत्तीत मानसिक आजारांचे कोड ‘६’ने सुरू होतात. आपल्याकडच्या कागदांवर मात्र जुना ‘एफ’ अजून सर्रास दिसतो, त्यामुळे दोन दवाखान्यांतले कोड वेगळे दिसले म्हणून दचकू नका. दुसरं पुस्तक अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचं, डीएसएम. त्याची पहिली आवृत्ती १९५२ची, पाचवी २०१३ची आणि तिचीच सुधारलेली प्रत २०२२ची. खासगी क्लिनिकमध्ये आणि मानसशास्त्रीय चाचण्यांच्या अहवालांत डीएसएमचा उल्लेख नेहमी येतो. मुलगा न्यू जर्सीत आणि आईवडील पुण्यात अशा घरांत दोन्ही पद्धतींचे कागद एकाच फाइलीत जमतात, तेव्हाही हे लक्षात ठेवलेलं बरं.

अशा पुस्तकांची गरज का पडली? १९६०च्या दशकात एक विचित्र गोष्ट लक्षात आली. न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयांत छिन्नमनस्कतेचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचे, रुग्ण लंडनच्या मानाने फारच जास्त नोंदले जात होते. एकाच पद्धतीने शिकवून तयार केलेल्या डॉक्टरांनी, ठरावीक प्रश्नावली घेऊन, दोन्ही शहरांतले रुग्ण तपासले तेव्हा हा फरक बहुतांशी नाहीसा झाला. रुग्ण सारखेच होते, डॉक्टरांच्या निदानाच्या सवयी वेगळ्या होत्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत छिन्नमनस्कतेचा अभ्यास केला, त्यात आपल्याकडचं आग्रा हे केंद्र होतं. रॉबर्ट स्पिट्झर यांच्या पुढाकाराने १९८० साली आलेल्या डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीने मग प्रत्येक आजारासाठी स्पष्ट निकष लिहून दिले. कोणती लक्षणं, त्यांतली किमान किती आणि किती दिवस, हे ठरलं.

आता कायदा. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. एखाद्याला मानसिक आजार आहे की नाही हे देशात किंवा जगात मान्य असलेल्या वैद्यकीय निकषांवरच ठरवायचं, असं त्याचं कलम ३ सांगतं, आणि तिथे आयसीडीचं नाव घेतलेलं आहे. म्हणजे शेजारी, सासरे, हेडमास्तर किंवा सोसायटीचे सेक्रेटरी यांना हा अधिकार नाही. आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की पुण्यात ‘येरवड्याला’, मुंबईकडे ‘ठाण्याला’ आणि कोकणात ‘रत्नागिरीला’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, पाठवण्याची भाषा चटकन तोंडात येते. त्या बोलण्याला कायद्यात काडीचीही जागा नाही.

निकष असतात तरी कसे?

नैराश्याचंच उदाहरण घेऊ. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत त्याची दहा लक्षणं दिलेली आहेत: मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, लक्ष न लागणं, स्वतःला कमी लेखणं किंवा उगाच अपराधी वाटणं, पुढचं काही चांगलं दिसेनासं होणं, मृत्यूचे किंवा आत्महत्येचे विचार, झोपेत बिघाड, भुकेत किंवा वजनात बदल, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, आणि अंगातलं त्राण जाणं. यांतली किमान पाच हवीत. त्यांत पहिल्या दोनपैकी एक तरी असलंच पाहिजे. ती दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज आणि किमान दोन आठवडे टिकलेली असावीत.

एवढ्यावर भागत नाही. या लक्षणांमुळे माणसाचं रोजचं काम, नाती, अभ्यास किंवा घर अडलेलं असावं लागतं. ही लक्षणं दुसऱ्या शारीरिक आजारामुळे, औषधामुळे किंवा नशेमुळे आलेली नाहीत, हेही बघावं लागतं. आणि जवळचं माणूस गेल्यावरचं दुःख याच्याशी गल्लत करून चालत नाही. कुणी गेल्यावर पहिले काही आठवडे रडू येणं, जेवण न जाणं, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकल्यासारखा वाटणं, हे सगळं शोकात बसतं. शोक फार लांबला आणि त्याने माणसाला पार जखडून टाकलं तर त्याला वेगळं निदान आहे. त्यासाठी आयसीडी किमान सहा महिने मोजते, डीएसएम मोठ्या माणसांच्या बाबतीत एक वर्ष. वर्षश्राद्धापर्यंतचा काळ दुःखाचा धरणाऱ्या आपल्या लोकांना डीएसएमचा हिशेब जवळचा वाटेल.

लक्षणं, मुदत, अडलेलं आयुष्य आणि वगळलेली इतर कारणं हा साचा बहुतेक आजारांना लागू पडतो. मुदती बदलतात. उन्मादासाठी, म्हणजे मॅनियासाठी, साधारण एक आठवडा धरतात. छिन्नमनस्कतेसाठी आयसीडी एक महिना धरते आणि डीएसएम सहा महिने. सामान्यीकृत चिंताविकारासाठी कित्येक महिने लागतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी धडधडतंय म्हणून चिंताविकार होत नाही आणि दोनदा हात धुतले म्हणून मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, होत नाही. ‘मला जरा ओसीडी आहे’ असं हसत हसत सांगणाऱ्यांनी एकदा मंत्रचळाच्या रुग्णाचे दिवसाचे तास मोजून पाहावेत.

आधी शरीर

आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीतला कोडचा क्रमच बोलका आहे. एफ ००पासून मेंदूच्या आणि शरीराच्या आजारांतून येणारे विकार, एफ १०पासून दारू आणि इतर नशा, एफ २०पासून छिन्नमनस्कता आणि तत्सम आजार, एफ ३०पासून भावस्थितीचे आजार, एफ ४०पासून चिंता आणि ताणाचे विकार, आणि पुढे व्यक्तिमत्त्व, बौद्धिक अक्षमता, मुलांचे विकार. तपासताना डॉक्टरही साधारण याच क्रमाने विचार करतात: आधी शरीर, मग नशा, मग बाकीचं.

त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांनी रक्त तपासायला सांगितलं तर ‘यांना काही कळत नाही वाटतं’ असं समजू नका. थायरॉइड मंदावलं की माणूस नैराश्यासारखाच सुस्त आणि उदास होतो, आणि ते वाढलं की चिंतेसारखी धडधड होते आणि घाम सुटतो. बी-१२ कमी झालं किंवा रक्त कमी असलं तरी थकवा आणि विसराळूपणा येतो. शाकाहारी घरांत बी-१२ आवर्जून बघावं. स्टेरॉइडची औषधं काहींना कमालीचं चढवतात किंवा पाडतात. सांधेदुखीवर म्हणून बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड असू शकतं, तेव्हा ती पुडी घेऊनच जा. आणि रोज पिणाऱ्या माणसाच्या उदासीचं नाव दारू सुटून काही आठवडे झाल्याखेरीज नीट ठरवता येत नाही.

एक बाब मात्र तातडीची आहे. कालपर्यंत ठीक असलेली आजी किंवा आजोबा एकाएकी, तासाभरात किंवा दिवसा-दोन दिवसांत, भलतंच बोलू लागले, माणसं ओळखेनात, दिवसा गुंगीत आणि रात्री भेदरलेले असे झाले, तर ते ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नका आणि मानसोपचाराच्या ओपीडीची तारीखही घेत बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, निमोनिया किंवा चुकीचं औषध अशी कारणं यामागे नेहमी सापडतात. थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा फिजिशियनकडे न्या. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो, तो एका रात्रीत येत नाही.

एमआरआय किंवा सीटी स्कॅन अशी दुसरी कारणं शोधायला काढतात. नैराश्य किंवा छिन्नमनस्कता स्कॅनमध्ये दिसत नाही. ‘मेंदूचा फोटो काढला, सगळं नॉर्मल आहे, म्हणजे हा नाटक करतोय’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं.

खुर्चीत बसल्यावर

मानसोपचारात तपासणीचं मुख्य हत्यार म्हणजे बोलणं. पहिल्या भेटीला वेळ लागतो, आणि त्यातला बराचसा वेळ ‘हे कधीपासून?’ या एका प्रश्नावर जातो. नेमकं याच ठिकाणी घरचे गडबडतात. ‘पहिल्यापासून असाच आहे’ आणि ‘गेल्या दिवाळीपर्यंत ठणठणीत होता’ या दोन वाक्यांनी डॉक्टरांचा विचार दोन वेगळ्या दिशांना जातो.

म्हणून जाण्यापूर्वी एका कागदावर तारखांचा क्रम लिहून काढा. तारखा आठवत नसतील तर सण, लग्न, पेरणी, शाळेचा निकाल यांच्या आधाराने लिहा. माणूस शेवटचा पूर्ण बरा कधी होता? पहिला बदल कुणाला दिसला आणि कोणता? झोप, जेवण, काम, आंघोळ, पैशाचा खर्च, मोबाइलवरचे तास, दारू-तंबाखू यांत काय बदललं? आधी कधी असं झालं होतं का, आणि ते आपोआप गेलं की औषधाने? घराण्यात कुणाला मानसिक आजार, व्यसन किंवा आत्महत्या? हा शेवटचा प्रश्न आपण हमखास चुकवतो. ‘काका जरा तापट होते’ एवढं सांगून मोकळे होतो. काका वर्षातून दोन महिने झोपत नसत आणि त्या काळात त्यांनी जमीन विकली होती, ही माहिती औषधाची निवड बदलू शकते.

जुने केसपेपर, गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीची औषधं, सगळं पिशवीत टाका. देवऋषीकडे गेला असाल तर तेही सांगा. तिथे काय खायला-प्यायला दिलं हे डॉक्टरांना समजलं पाहिजे. ते ऐकून तुम्हाला रागावणारे डॉक्टर भेटले तर दुसरे शोधा.

सोबतच्या माणसाने बोलावं, पण पेशंटच्या वतीने सगळीच उत्तरं देऊ नयेत. आणि पेशंटने, विशेषतः बायकांनी, ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ असं जरूर म्हणावं. घरातली मारहाण, न पटणारं लग्न, आत्महत्येचा विचार या गोष्टी सासूबाई शेजारी बसलेल्या असताना बाहेर पडत नाहीत. तुमची माहिती गुप्त ठेवायला डॉक्टर कायद्याने बांधलेले आहेत.

मधल्या काळात डॉक्टर तुमच्याकडे बघतही असतात. केसपेपरवर ‘एमएसई’ असा जो मथळा दिसतो, तो या निरीक्षणाचा, म्हणजे मनःस्थितीच्या तपासणीचा. कपडे आणि स्वच्छता, बसणं-उठणं, बोलण्याचा वेग, माणूस सांगतो ती मनःस्थिती आणि चेहऱ्यावर दिसते ती, विचारांचा ओघ, संशय, भास, लक्ष, स्मरण, आणि आपल्याला काही झालंय याची जाणीव, हे सगळं तिथे नोंदलं जातं. मग काही विचित्र वाटणारे प्रश्न येतात. आज वार कोणता? १००मधून ७ वजा करत जा. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणजे काय? रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर काय कराल? (पोस्टाची पेटी न पाहिलेल्या पिढीलाही अजून हाच प्रश्न विचारला जातो.) यांत पास-नापास नसतं. लक्ष किती टिकतं, विचार अक्षरशः चालतो की अर्थापर्यंत पोचतो, निर्णयशक्ती कशी आहे, याचा अंदाज त्यातून येतो. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला मात्र वजाबाकी करायला लावून तिच्या स्मरणाचं माप काढता येत नाही. ‘आई शिकलेली नाही’ हे तपासणाऱ्याला आधीच सांगा. निरक्षर वृद्धांसाठी आपल्याकडे वेगळ्या चाचण्या तयार झालेल्या आहेत.

‘मरून जावंसं वाटतं का?’ हा प्रश्न विचारला जाणारच. विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरी हा प्रश्न तुम्हीही विचारू शकता. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा कुलूपबंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्नावल्या, गुण आणि मोबाइलवरच्या चाचण्या

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली आता पुष्कळांच्या मोबाइलवर फिरते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करून घ्यावी, वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र. चिंतेसाठी तशीच सात प्रश्नांची जीएडी-७, एकूण २१ गुणांची. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट, दहा प्रश्नांची, ४० गुणांची. तिच्यात आठपासूनच सावध व्हायचं.

या चाळण्या आहेत. चाळणीत अडकलेल्यांपैकी कुणाला खरोखर आजार आहे हे मुलाखतीतच ठरतं. थायरॉइडचा पेशंट किंवा नुकतीच बाळंतीण झालेली, रात्रभर जागणारी आई पीएचक्यू-९मध्ये थकवा, झोप आणि भूक या तीन प्रश्नांवरच बरेच गुण मिळवू शकते. उलट ‘मला उदास वाटत नाही, फक्त डोकं जड होतं आणि अंगात मुंग्या येतात’ असं सांगणारे काका कमी गुणांत सुटतात आणि नैराश्यात तसेच राहतात. आपल्याकडे मनाचं दुखणं पुष्कळदा अंगावाटे बोलतं: जिवाची घालमेल, हातापायांतलं त्राण जाणं, छातीवर दडपण. हे शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगा, त्यांचं ‘डिप्रेशन’मध्ये भाषांतर करून देऊ नका. एक गोष्ट मात्र एकूण गुणांवर सोडायची नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याबद्दल बोललंच पाहिजे.

नीट वापरल्या तर या साध्या प्रश्नावल्या किती उपयोगी पडतात हे गोव्याने दाखवलं आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत पीएचक्यू-९वर चौदापेक्षा जास्त गुण आलेल्या रुग्णांना, खास शिकवून तयार केलेल्या पण मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी मोजक्या भेटींत मदत केली. रुग्णांना त्याचा फायदा झाला, आणि हा अभ्यास २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

मानसशास्त्रीय चाचण्या ही वेगळी गोष्ट आहे. बुद्ध्यंक, स्मरणशक्ती, व्यक्तिमत्त्व, शाईच्या डागांची चाचणी वगैरे. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात, आणि त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का हे विचारायला लाजू नका. नुसते समुपदेशक ऐकून घेतील, मार्ग दाखवतील, पण निदानाचा अहवाल देणं हे त्यांचं काम नाही. औषध लिहून देणं हे डॉक्टरांचं काम. सगळ्याच पेशंटना या चाचण्या लागतात असंही नाही. सरळसरळ नैराश्य दिसत असताना हजारो रुपयांची चाचण्यांची यादी हातात पडली तर ‘यातून उपचारात काय बदलणार आहे?’ असं विचारा.

मुलांच्या बुद्धिमापनात मराठी मुलुखाचा मोठा वाटा आहे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बिने यांची चाचणी बेतली. बिने-कामत या नावाने ती अजून वापरात आहे. नागपूरच्या मालिन यांची बुद्धिचाचणीही देशभर चालते, आणि मूल स्वतःचं स्वतः किती करतं हे मोजणारी सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टीही त्यांनीच भारतीय मुलांसाठी बेतली. या चाचण्यांची प्रमाणं जुनी आहेत, म्हणून अहवालातला ६८ किंवा ७२ असा आकडा दगडावरची रेघ मानू नका. बौद्धिक अक्षमता ठरवताना बुद्ध्यंकाबरोबर जेवण, कपडे, पैशाचा व्यवहार, रस्ता ओलांडणं हे रोजचं जगणंही बघावंच लागतं. स्वमग्नतेसाठी आपल्याकडे आयसा नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तीच वापरतात.

अंगात येणं, आणि वेगळं असणं

जत्रेत हलगी वाजू लागते, एखादीच्या अंगात येतं, ती घुमते, लोक पाया पडतात. थोड्या वेळाने ती शांत होते आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जाते. हा आजार आहे का? आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत ‘झपाटलेपणाची समाधी’ म्हणता येईल असं निदान आहे, पण त्याच्या अटी स्पष्ट आहेत. ते माणसाच्या इच्छेविरुद्ध, नकोसं असताना घडलं पाहिजे. समाजाने मान्य केलेल्या धार्मिक प्रथेचा तो भाग नसावा. आणि त्यामुळे त्रास किंवा नुकसान व्हायला हवं. जत्रेतली ती बाई या व्याख्येत बसत नाही. पण नवीन सून दर आठवड्याला स्वयंपाकघरात बेभान होऊन पडते, नंतर तिला काही आठवत नाही, तिचं खाणं तुटलंय, तर तिला मांत्रिकाकडे नेऊन धुरी देण्यापेक्षा दवाखान्यात न्या, आणि घरात तिच्यावर काय चाललंय हेही तपासा. झटके फिटचे आहेत का, हेही तिथे बघितलं जाईल.

कायद्यातही हीच दृष्टी आहे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांना धरून वागत नाही एवढ्यावरून कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, असं कलम ३ म्हणतं. परजातीत लग्न ठरवणारी मुलगी, देव न मानणारा मुलगा, नोकरी सोडून चित्रं काढणारी बहीण यांच्यासाठी निदान मागायला येणारे पालक डॉक्टरांना नवे नाहीत. वर्गीकरणं स्वतःही चुकतात आणि सुधारतात. समलैंगिकता अमेरिकेच्या यादीतून १९७३ साली आणि आयसीडीतून १९९०च्या आवृत्तीत वगळली गेली. समलैंगिकता हा आजार नाही, असं इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ साली जाहीरपणे सांगितलं. तरीही आपल्या मुलाला ‘बरं’ करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर पैसे आणि मूल दोन्ही वाचवा.

निदान बदललं तर

‘पहिल्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, दुसरे बायपोलर म्हणतात, मग खरं कोणाचं?’ ही तक्रार नेहमीची आहे. कधी दोघांचंही खरं असतं. बायपोलरची सुरुवात अनेकदा नैराश्यानेच होते. उन्मादाचा पहिला झटका येईपर्यंत किंवा जुना आठवेपर्यंत त्याला बायपोलर म्हणायला आधार नसतो. घरच्यांना तो जुना झटका आठवत नाही, कारण त्यांच्या लेखी ते ‘चांगले दिवस’ होते: तीन तास झोप, भरपूर कामं, नव्या धंद्याच्या योजना, पाहुण्यांना भेटवस्तू. नैराश्याची गोळी एकटीच दिली तर बायपोलरच्या काही रुग्णांत उन्माद उसळतो, म्हणून हे दिवस डॉक्टरांना सांगणं फार मोलाचं. तसंच एकाएकी सुरू होऊन काही आठवड्यांत पूर्ण बरी होणारी भ्रमाची अवस्था आपल्याकडे पुष्कळ दिसते. तिला पहिल्याच आठवड्यात छिन्नमनस्कता म्हणणं घाईचं ठरतं.

आणि डॉक्टरांत मतभेद होतात हेही खरं. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीच्या चाचणीत दोन तज्ज्ञांनी एकाच रुग्णाला वेगवेगळं तपासलं तेव्हा मोठ्यांच्या नैराश्याच्या बाबतीत त्यांच्यातल्या एकमताचं माप ०.२८ आलं. पूर्ण एकमत म्हणजे १. आघातानंतरच्या ताणविकाराच्या बाबतीत ते ०.६७ होतं. निकष लिहिलेले असूनही एवढी तफावत राहते, कारण ‘बहुतेक वेळ उदास’ म्हणजे किती हे शेवटी माणूस माणसाला सांगत असतो. पिनकोडवरून गाव कळतं, घरात कोण राहतं ते कळत नाही. कोडचंही तेवढंच आहे.

तेव्हा डॉक्टर बदलण्याआधी आहेत त्या डॉक्टरांना विचारा: हे निदान पक्कं आहे की तात्पुरतं? आणखी कोणती शक्यता तुमच्या मनात आहे? ती कशावरून ठरेल? आम्ही घरी कशावर लक्ष ठेवू? पुढच्या भेटीपर्यंत सुधारणा कशावरून ओळखायची? या प्रश्नांची उत्तरं तीन-चार वाक्यांत मिळतात, आणि ती देणारे डॉक्टर धरून ठेवावेत.

कागद पुढे कुठे लागतो

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी नुसतं निदान चालत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, पण बहुतेक आरक्षणं आणि सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. ते ‘आयडियाज’ या भारतीय मोजपट्टीवर ठरतं. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम अशी चार क्षेत्रं, प्रत्येकी ० ते ४ गुण, आणि शिवाय आजाराच्या वर्षांचे गुण. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर जाताना ‘सगळं करतो हो तो’ असं कौतुकाने सांगू नका. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, घराबाहेर एकटा किती जातो, नोकरी किती महिने टिकली, हे खरं ते सांगा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि जुने उपचारांचे कागद जोडायचे.

विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं असं २०१७च्या कायद्याचं कलम २१ सांगतं, आणि विमा नियामकानेही २०१८मध्ये कंपन्यांना तसं कळवलं. दावा करताना निदान आणि कोड स्पष्ट लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड किंवा दाखला लागतो, म्हणून तो रुग्णालयातून घरी सोडतील त्या दिवशीच मागून घ्या. आपल्या उपचारांच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क पेशंटला त्याच कायद्याने दिला आहे. झेरॉक्स काढा, मूळ कागद घरी ठेवा.

नोकरी, घटस्फोट, वाटणी अशा ठिकाणी जुना केसपेपर हत्यारासारखा बाहेर काढला जातो. तिथे २०१७च्या कायद्यातल्या कलम ३च्या आणखी दोन तरतुदी वकिलाला दाखवा. पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात राहिलं एवढ्यावरून माणूस आज आजारी ठरत नाही. आणि मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस कायद्याच्या अर्थाने ‘अस्वस्थ मनाचा’ ठरत नाही. तसं ठरवायला सक्षम न्यायालयाचा निर्णय लागतो.